ताण, तान आणि टोचणी

‘बीपीची लस’ हे दोन शब्द शेजारी आले की मराठी कान थोडा अडखळतो. गोवराची लस, पोलिओची लस, घटसर्पाची लस, अलीकडची करोनाची लस: या सगळ्यांत ‘ची’च्या आधी ज्याचं नाव येतं तो बाहेरून येऊन अंगात शिरणारा असतो. बीपी कुठून येत नाही. ते शिंकेतून उडत नाही, पाण्यातून पोटात जात नाही, शेजारच्यांचं आपल्याला लागत नाही. अमुक दिवशी झालं असंही सांगता येत नाही. तपासलं तेव्हा कळलं, एवढंच. तरीही उच्च रक्तदाबावर लस करण्याचा खटाटोप गेल्या शतकापासून चालू आहे. स्वित्झर्लंड, जपान, चीन इथल्या प्रयोगशाळांत तो उंदरांवर झाला, काही ठिकाणी माणसांपर्यंतही पोचला. ही गोष्ट एरवी शास्त्राच्या बाजूने सांगतात. मला ती शब्दांच्या बाजूने सांगायची आहे, कारण यातला जवळजवळ प्रत्येक शब्द बोलतो एक आणि पोटात ठेवतो दुसरंच.

आधी बीपी. ‘त्यांना बीपी आहे’ हे वाक्य इतकं रुळलंय की त्यातली गंमत कुणाला जाणवत नाही. बीपी म्हणजे रक्ताचा दाब, आणि तो नसलेला माणूस फक्त तिरडीवर सापडेल. पण आपण ‘जास्त’ हा शब्द गाळला आणि मापाचं नाव दुखण्याला देऊन टाकलं. ‘शुगर आहे’, ‘थायरॉईड आहे’ ही वाक्यंही याच चालीची. दाब कमी असेल तर मात्र ‘लो बीपी’ असं पूर्ण नाव घ्यावं लागतं. नुसतं बीपी म्हटलं की ते चढलेलंच. ‘रक्तदाब’ हा शब्द चांगला घडवलेला आहे, वर्तमानपत्रात आणि शिबिराच्या फलकावर शोभतो, पण घरात कुणी ‘माझा रक्तदाब तपासा’ म्हणत नाही.

दवाखान्यातले आणखी दोन शब्द मला फार आवडतात: ‘वरचं’ आणि ‘खालचं’. “वरचं एकशेसाठ, खालचं शंभर.” कागदावर आकडा रेघेच्या वर लिहितात म्हणून ते वरचं, एवढंच. हृदय आवळतं तेव्हाचा दाब वरचा, सैल पडतं तेव्हाचा खालचा. इंग्रजी पुस्तकांतले सिस्टोल आणि डायस्टोल हे ग्रीक शब्द. एकाचा अर्थ आवळणं, दुसऱ्याचा पसरणं. हेच दोन शब्द ग्रीक छंदशास्त्रातही आहेत. दीर्घ अक्षर वृत्तासाठी आखूड केलं तर सिस्टोल, ऱ्हस्व अक्षर लांबवलं तर डायस्टोल. म्हणजे छातीत प्रत्येक ठोक्याला ऱ्हस्व-दीर्घ चालू आहे असं म्हणायला हरकत नाही. शुद्धलेखनाच्या नावाने कपाळाला आठ्या घालणाऱ्यांना हे कळवायला हवं.

हा दाब पहिल्यांदा मोजला तो डॉक्टरने नव्हे, एका पाद्र्याने. इंग्लंडमधल्या टेडिंग्टनचे स्टीफन हेल्स यांनी १७३३ साली छापलेल्या पुस्तकात हा प्रयोग आहे. घोडी उताणी बांधली, मांडीतल्या धमनीत पितळेची नळी बसवली, तिला उंच काचेची नळी जोडली. रक्त काचेतून ८ फूट ३ इंच चढलं आणि दर ठोक्याला वरखाली होत राहिलं. आजच्या हिशेबात तो दाब १९५च्या आसपास भरतो. बांधून ठेवलेल्या, घाबरलेल्या जनावराचा तेवढा असणारच. माणसाला तपासायला एवढी उंच नळी कोण लावणार? १८२८ साली पॅरिसमध्ये प्वाझईने नळीत पारा भरला. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, त्यामुळे नळी एकदम हातभर झाली. पुढे १८९६ साली तुरिनमध्ये रिव्हा-रोची याने दंडाला गुंडाळायचा फुगता पट्टा काढला, आणि १९०५ साली रशियात कोरोत्कोव्हने त्या पट्ट्याखाली नळी लावून ठोके ऐकायला शिकवलं. आज दवाखान्यातून पारा हद्दपार होत चाललाय; मिनामाता कराराने पाऱ्याची यंत्रं बनवणंच थांबवायला सांगितलं. पण माप अजून ‘मिलिमीटर पारा’ हेच आहे. यंत्रातून पारा गेला, आकड्याच्या शेपटीला राहिला. मराठीत तर तो रागाबरोबरही चढतो, आणि इथूनच पुढचा घोळ सुरू होतो.

तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात ऐकलेलं हे बोलणं. डॉक्टरांनी पट्ट्यातली हवा सोडत विचारलं, “काका, गोळी चालू आहे ना?”

“आहे की. टेन्शन आलं की घेतो.”

“रोज घ्यायला सांगितली होती.”

“रोज कुठं टेन्शन असतं?”

बाकावरचे आम्ही हसलो, पण काका शब्दाला धरूनच बोलत होते. चिठ्ठीवर ‘हायपरटेन्शन’ लिहिलेलं, आणि टेन्शन हा आता अस्सल मराठी शब्द: टेन्शन येतं, घेतात, देतात, ‘नको घेऊस’ म्हणून समजूत काढतात. मग हायपरटेन्शन म्हणजे फार टेन्शन, आणि ज्याला टेन्शन नाही त्याला गोळी कशाला! मूळ शब्दातलं टेन्शन मनाचं नाहीच. ते नळीच्या भिंतीला पडणाऱ्या ताणाचं आहे. एकोणिसाव्या शतकातले युरोपातले डॉक्टर मनगटावर बोट ठेवून ‘धमनीचा ताण’ जास्त आहे का ते चाचपत. काळजीने दाब तेवढ्यापुरता वाढतो हे खरं, पण वर्षानुवर्षं वाढलेला दाब अगदी निवांत माणसातही असतो आणि त्याला काही म्हणजे काही जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१मधल्या अंदाजाप्रमाणे ३० ते ७९ वयोगटात उच्च रक्तदाबाची सुमारे १२८ कोटी माणसं होती. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नव्हतं, आणि आटोक्यात होता तो पाचातल्या एकाचा. आपल्याकडे २०१७च्या अखेरीस देशपातळीवरचा उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला, महाराष्ट्र त्यातल्या पहिल्या पाच राज्यांत होता. गोळ्या स्वस्त आहेत, गुणकारी आहेत, सरकारी दवाखान्यात मिळतात. अडतं ते ‘रोज’पाशी. ‘एकदा मागे लागली की जन्माची’ ही गोळीबद्दलची धास्ती घरोघरी ऐकू येते. लसीची कल्पना उचलून धरली जाते ती नेमकी याच अडचणीमुळे: रोजच्या ऐवजी वर्षातून दोन-तीनदा टोचून भागलं तर?

ते कुणाविरुद्ध टोचायचं, हे कळण्यासाठी ‘ताण’ या शब्दात शिरावं लागतं. संस्कृतात तन् म्हणजे ताणणं, पसरणं. त्यातून तंतू, तंत्र, विणकराचा ताणा, गवयाची तान. वंश लांबवतो तो तनय आणि संतान. ताणून बारीक झालेली ती तनू. मराठीत तान आणि ताण असे दोन्ही नांदतात, एक गळ्यात, एक डोक्यात. हाच धातू भाषाकुळातल्या लांबच्या भावंडांकडेही आहे. लॅटिनमध्ये तो तेन्दो होतो आणि तिथून टेन्शन निघतं. ग्रीकमध्ये त्याचा तोनोस होतो, म्हणजे ताणलेली तार आणि तिचा स्वर, आणि तिथून इंग्रजीतला टोन. तेव्हा टेन्शन, टोन, ताण आणि तान ही चार चुलत भावंडं. हे ध्यानात ठेवलं की पुढच्या भांडणाची खरी मजा येते.

१८९८ साली स्टॉकहोममध्ये टिगरस्टेड आणि त्याचा विद्यार्थी बेर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला. दाब चढला. मूत्रपिंडाला लॅटिनमध्ये रेन म्हणतात, म्हणून अर्कातल्या त्या अज्ञात पदार्थाला त्यांनी रेनिन नाव दिलं. नंतर तीसेक वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९३४ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये हॅरी गोल्डब्लाट याने कुत्र्यांच्या मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या धमनीला चांदीचा चिमटा बसवून ती अर्धवट आवळली. कुत्र्यांचा दाब चढला तो चढलाच. तेव्हा जगभर पुन्हा रेनिनची विचारपूस सुरू झाली. आणि कळलं की रेनिन स्वतः दाब चढवत नाही. ते रक्तातल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडतं, आणि तो तुकडा रक्तवाहिन्या आवळतो.

हा तुकडा १९४०च्या सुमारास दोन ठिकाणी एकाच वेळी सापडला. अर्जेंटिनात, ब्युनोस आयरीसमध्ये, एदुआर्दो ब्राउन-मेनेन्देझ आणि त्याच्या सोबत्यांना. या सोबत्यांत लुईस लेलवार होता, ज्याला पुढे १९७० साली वेगळ्याच कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि अमेरिकेत, इंडियानापोलिसमध्ये, अर्व्हाइन पेज याच्या मंडळींना. अर्जेंटिनाने नाव दिलं हायपरटेन्सिन. अमेरिकेने दिलं अँजिओटोनिन. मग पुढची सुमारे अठरा वर्षं एकच पदार्थ दोन नावांनी वावरत होता. एका देशाचा निबंध दुसऱ्याने वाचायचा तर मनात आधी नाव बदलून घ्यायचं. शास्त्रज्ञ म्हणजे स्थितप्रज्ञ अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी ही अठरा वर्षं जरूर पाहावीत.

अखेर १९५८ साली ब्राउन-मेनेन्देझ आणि पेज या दोघांनी मिळून ‘सायन्स’ साप्ताहिकात छोटंसं टिपण छापलं: याचं अर्धं, त्याचं अर्धं. अँजिओटोनिनचं डोकं, हायपरटेन्सिनचं धड. नाव झालं अँजिओटेन्सिन. पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला ब्राउन-मेनेन्देझ विमान अपघातात गेला. तडजोड थोडी लांबली असती तर आजही दोन नावं चालू असती, असं वाटून जातं.

आता त्या चुलत भावंडांकडे परत या. पेजचं ‘टोन’ ग्रीक, ब्राउन-मेनेन्देझचं ‘टेन्स’ लॅटिन, पण धातू एकच. म्हणजे एकाने म्हणायचं ताण, दुसऱ्याने म्हणायचं तान, आणि त्यावरून अठरा वर्षं अबोला! आपल्या नावातलं अर्धं सोडलं असं ज्याला वाटलं असेल त्याने व्युत्पत्तीच्या हिशेबाने काहीच सोडलं नव्हतं. ‘अँजिओ’चं मात्र वेगळं आहे. ग्रीकमध्ये अँजिऑन म्हणजे भांडं, घट. रक्त साठवतं ते भांडं या कल्पनेतून रक्तवाहिनी. आपली ‘धमनी’ याहून मजेदार. धम् म्हणजे फुंकणं, लोहाराचा भाता चालवणं. धमनी म्हणजे फुंकायची नळी. ग्रीकांचीही समजूत अशीच होती, प्रेताच्या धमन्या रिकाम्या दिसतात म्हणून त्यांतून वारा वाहतो असं त्यांच्यातले काही वैद्य मानत. दोन्ही भाषांनी रक्ताच्या नळीत हवा भरून ठेवली आहे, आणि ती काढायच्या भानगडीत कुणी पडलेलं नाही.

अँजिओटेन्सिनचं काम ओळखलं गेल्यावर औषधांची रांग लागली. कॅप्टोप्रिल हे ब्राझीलच्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषावरून सुचलेलं, १९८१ साली बाजारात आलं. लोसार्टन, टेल्मिसार्टन ही त्यानंतरची. ‘सार्टन’ हे शेपूट दिसलं की ते औषध अँजिओटेन्सिनची बसायची जागा अडवून ठेवतं असं समजावं. आपल्या घरच्या डब्यात, सकाळच्या खणात, बहुधा यातलीच एखादी गोळी असते.

आता लस. इंग्रजी व्हॅक्सिन हा शब्द गायीपासून आला हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. लॅटिनमध्ये वाक्का म्हणजे गाय. १७९६ साली एडवर्ड जेन्नरने गवळणीच्या हातावरच्या गोदेवीच्या फोडातलं पाणी जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडाला टोचलं, त्याची ही आठवण. पुढे पाश्चरने जेन्नरच्या सन्मानार्थ १८८१ साली लंडनच्या वैद्यक परिषदेत सुचवलं की हा शब्द कुठल्याही रोगावरच्या अशा टोचणीला वापरावा. तेव्हापासून गाय शब्दात राहिली आणि बाटलीतून गेली.

मराठीने गायीला वगळलं. आपण जे शब्द घेतले ते समोर दिसणाऱ्या गोष्टीवरून. लस म्हणजे जखमेतून, खरजेतून झिरपणारं पातळ पाणी. चरकसंहितेत व्रणातल्या त्वचेखालच्या पाण्याला लसीका म्हटलंय, त्याच्याशी याचं नातं उघड आहे. लस टोचणं हे एके काळी शब्दशः लसच टोचणं होतं. व्हिएन्नातून बगदाद, बसरा असं करत ही टोचणी मुंबईच्या बंदराला लागली आणि १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली. हिंदुस्थानातली ती पहिली. बाटलीत फार दिवस तग धरत नसे, म्हणून तेव्हा ती अंगावरून अंगावर नेत. एका मुलाच्या दंडावर आठवड्याभरात मोत्यासारखा फोड भरला की तो फोडायचा, लस सुरीच्या टोकावर घ्यायची आणि पुढच्या मुलाच्या दंडावर दोन-तीन ओरखडे काढून त्यांत भरायची. आठवड्याने त्याचा दंड पुढच्यासाठी तयार. अ‍ॅनाच्या दंडावरून निघालेली लस अशीच मद्रास-कलकत्त्यापर्यंत पोचली. पुढे वासरांच्या भादरलेल्या कातडीवर ती पिकवू लागले. बेळगावात देवीची लस तयार होई, आणि त्या जागेला बेळगावकर अजून ‘व्हॅक्सिन डेपो’ म्हणतात. तिथे सभा होतात, लोक फिरायला जातात. देवी जगातून जाऊन चार दशकं उलटली.

लोकांच्या तोंडी मात्र लस नव्हतीच. त्यांच्या तोंडी ‘देवी काढणं’. आजी बाही वर सरकवून दंडावरचे गोल वण दाखवायची आणि म्हणायची, “आमच्या देवी काढल्या होत्या.” हा शब्दप्रयोग मला विलक्षण वाटतो. खरी देवी ‘येते’, ‘निघते’; ती यायच्या आत आपणच थोडी काढून घेतली की मोठी येत नाही. सगळी लसविद्या त्या एका क्रियापदात आहे. हिंदीने टीका हा शब्द घेतला, कपाळावरच्या टिळ्यासारखी खूण म्हणून. तिकडचे ‘टीकाकरण’चे फलक पाहून मराठी माणूस हसतो, कारण आपल्याकडे ते काम सगळे न सांगता करतात.

मग १८९६-९७चा मुंबईचा प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून हाफकिन या जंतुशास्त्रज्ञाने जी लस केली तिच्यात ना गाय, ना फोडातलं पाणी. रश्श्यात वाढवून मारलेले जंतू होते. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्याने आधी स्वतःला टोचून घेतली. मराठीने तिलाही लसच म्हटलं. तिथेच लस या शब्दाचा पाझर आटला आणि तो नुसता कामाचा शब्द झाला. करोनाच्या वेळी तर यशवंत, कलावंत यांच्या रांगेत ‘लसवंत’ येऊन बसला. काही का असेना, घडणीने चोख शब्द आहे.

पण सव्वाशे वर्षांत लस या शब्दाला एक अर्थ मनात पक्का चिकटला: रोग यायच्या आधी घ्यायची, घेतली की सुटका. इंग्रजीतल्या इम्यून शब्दातही हीच सुटका आहे. रोमन कायद्यात इम्युनिस म्हणजे सरकारी वेठीतून, करातून सूट मिळालेला. आपल्याकडच्या माफीच्या जमिनीसारखा माफीचा माणूस. बीपीच्या लसीला हा अर्थ कितपत पेलतो, ते आता पाहू.

या लसीत रोगजंतू नसतो, कारण मुळात जंतूच नाही. तिचं लक्ष्य आपल्याच रक्तातला अँजिओटेन्सिन. गोल्डब्लाटच्या काळापासून रेनिनविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करवण्याचे प्रयोग झाले. १९८०नंतर मार्मोसेट या चिमुकल्या माकडांना शुद्ध केलेलं माणसाचं रेनिन टोचलं. दाब उतरला. पण प्रतिकारशक्ती माकडांच्या मूत्रपिंडांवरच उठली, कारण रेनिन राहतं तिथेच. तो रस्ता तिथे बंद झाला. मग रेनिनऐवजी त्याने पाडलेल्या तुकड्याकडे, अँजिओटेन्सिनकडे मोर्चा वळला. अडचण अशी की हा तुकडा अगदी चिमुकला, आठ अमिनो आम्लांचा, आणि जन्मापासून ओळखीचा. त्याच्याविरुद्ध शरीर बोट उचलत नाही. इंग्लंडमध्ये त्याचा दहा आम्लांचा जनक घेऊन तो एका सागरी गोगलगायीच्या मोठ्या प्रथिनाला जोडून पाहिला. प्रतिपिंडं तयार झाली, पण २००४ साली छापलेल्या निकालात माणसांचा दाब काही हलला नाही.

झुरिकजवळच्या सायटोस या कंपनीने वेगळी युक्ती केली. क्यू-बीटा नावाचा एक विषाणू आहे, तो माणसाला नाही, जिवाणूंना लागतो. त्याचं आतलं बियाणं काढून नुसतं रिकामं कवच घेतलं आणि त्या कवचावर अँजिओटेन्सिनचे रेणू ओळीने टोचून बसवले. परक्या विषाणूचं कवच बघून शरीर खवळतं, आणि सुक्याबरोबर ओलंही जळतं: कवचावर बसलेल्या घरच्या अँजिओटेन्सिनविरुद्धही प्रतिपिंडं तयार होतात. ७२ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. सुरुवातीला, चौथ्या आठवड्यात आणि बाराव्या आठवड्यात अशा तीन टोचण्या. ३०० मायक्रोग्रॅमची मात्रा घेतलेल्यांचा दिवसाचा दाब खोटी लस घेतलेल्यांच्या तुलनेत वरचा ९ आणि खालचा ४ ने उतरला. सकाळी आठच्या सुमाराचा, ज्या वेळी दाब उसळी घेतो तो, २५ आणि १३ ने. प्रतिपिंडं निम्मी व्हायला साधारण चार महिने लागत. बातमीदारांना आणखी काय हवं? ‘बीपीवर लस’चे मथळे तेव्हाचे.

पुढच्या चाचणीत टोचण्या कमी अंतराने दिल्या. प्रतिपिंडं आधीपेक्षा जास्त तयार झाली आणि दाब मात्र आधीपेक्षा कमी उतरला. प्रतिपिंडांची संख्या वाढली, पकड सैल झाली. २००९ मध्ये कंपनीने तो नाद सोडला. मला यातला आकड्यांचा डाव मोठा बोलका वाटतो: मोजता येत होतं ते वाढलं, हवं होतं ते वाढलं नाही. वुहानमध्ये तेच क्यू-बीटाचं कवच वापरून अँजिओटेन्सिनच्या बसायच्या जागेविरुद्ध लस केली, ती उंदीरघुशींत चालली. ओसाकातल्या मंडळींनी डीएनएवर आधारलेली लस करून तिची माणसांवरची पहिली चाचणी ऑस्ट्रेलियात घेतली. सहन झाली, पण प्रतिपिंडं बेताचीच.

आणि एक खोच आहे, ती सुटकेच्या अर्थाला धरूनच. अँजिओटेन्सिन हा शत्रू नाही. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं, अपघातात रक्त गेलं, तर दाब सावरून धरणाऱ्यांत तोच पुढे असतो. गोळी घेणारा माणूस असा जुलाब होऊन दवाखान्यात आला की डॉक्टर म्हणतात, “दोन दिवस बीपीची गोळी बंद ठेवा.” लस बंद ठेवता येत नाही. टोचलेलं काढून घ्यायची सोय नाही; प्रतिपिंडं आपल्या गतीने ओसरायची वाट पाहायची. गरोदर बाईचा प्रश्न तर आणखी नाजूक, कारण गर्भाच्या वाढीला ही साखळी लागते आणि म्हणून प्रिल-सार्टनच्या गोळ्याही त्या काळात वर्ज्य. गोवरापासून कायमची सुटका व्हावी असं कुणीही म्हणेल. रक्तदाबापासून कायमची सुटका झाली तर दहावं घालावं लागेल.

दरम्यान एक भलतंच औषध मागून येऊन पुढे निघालंय. झिलेबेसिरान हे त्याचं नाव. अँजिओटेन्सिन ज्या प्रथिनातून तुटतो ते अँजिओटेन्सिनोजेन, यातला ‘जेन’ आपल्या ‘जन’चा भाऊ, म्हणजे जन्म देणारा. हे औषध यकृतात त्या प्रथिनाचा निरोपच पुसून टाकतं, आणि २०२३ साली छापलेल्या निकालांनुसार एका टोचणीचा असर काही महिने टिकतो. यात प्रतिपिंडं नाहीत, प्रतिकारशक्तीचा संबंध नाही. लसीच्या कुठल्याच व्याख्येत ते बसत नाही. तरी वर्षातून दोनदा टोचायचं म्हटल्यावर कुणी ना कुणी त्याला लस म्हणणारच.

पण मराठी माणूस म्हणेल का? मला शंका आहे. पाश्चरने १८८५ साली कुत्रा चावलेल्या मुलाला दिली ती लसच होती, आणि आजही कुत्रा चावल्यावर सरकारी दवाखान्यात टोचतात ती शास्त्राने लसच आहे. पण ‘मी रेबीजची लस घेतली’ असं कुणी म्हणत नाही. “कुत्रा चावला, इंजेक्शनं घेतली,” असंच म्हणतात. जुनी माणसं तर पोटातल्या चौदा इंजेक्शनांची आठवण काढून अजून शहारतात. घरच्या कुत्र्याला मात्र आपण दर वर्षी लस देतो. रोग एकच, औषधाची जात एकच. कुत्र्याला लस, माणसाला इंजेक्शन, पोलिओच्या थेंबांना ‘डोस’. आधी घेतात ती लस, नंतर घेतात ते इंजेक्शन, अशी वाटणी लोकांनी कुठलाही परिभाषा कोश न उघडता करून ठेवली आहे. बीपीची टोचणी निघालीच तर ती बीपी निघाल्यावरची असणार, आणि चार-सहा महिन्यांनी पुन्हा घ्यायची. कंपनीने वेष्टनावर काहीही छापो, औषधाच्या दुकानात ‘बीपीचं इंजेक्शन’च मागितलं जाईल, आणि त्याचीही दोन-चार वर्षांत नुसती ‘सहामाही’ होईल.